सूर्यावरील डाग

मे २०२४ च्या दुसऱ्या आठवड्यातील गोष्ट. सकाळची मिस्सा आटोपून मी चर्चच्या आवारात उभा होतो. उन्हाळ्याच्या सुट्टीत आजोळी आलेला नऊ-दहा वर्षांचा एक मुलगा धावत माझ्याकडे आला. डिसेंबर २०१९ मधील सूर्यग्रहणाच्या वेळी घरात आणलेला काळा चष्मा त्याला कुठल्याशा खणात सापडला होता. "फादर, सूर्यावर डाग आहे," तो म्हणाला. त्याच्यामागून त्याची आजी सावकाश चालत येत होती. "काहीतरी बोलू नकोस," ती त्याला दटावीत म्हणाली, "डाग चंद्राला असतो. सूर्याला कसला डाग?" चष्म्याच्या काचांवर ओरखडा नाही याची मी आधी खात्री करून घेतली आणि मग वर पाहिले. सूर्याच्या तबकडीवर तिळाएवढा एक काळा ठिपका स्पष्ट दिसत होता. मुलाचे म्हणणे खरे होते.

त्या आठवड्यात सूर्यावर अवतरलेला डागांचा समूह पृथ्वीच्या व्यासाच्या सुमारे पंधरापट लांबीचा होता. १० मेच्या रात्री त्याच्यापासून उठलेले वादळ पृथ्वीवर येऊन थडकले आणि लडाखमधील हानले येथील आकाशसुद्धा तांबूस झाले. आजीबाईंची समजूत चुकीची ठरली खरी, पण त्याबद्दल त्यांना हसण्याचा अधिकार आपल्यापैकी कुणालाही नाही. युरोपातील मोठमोठी विद्यापीठे शतकानुशतके नेमके तेच शिकवीत होती. इतकेच नव्हे, तर हा डाग ज्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला, तो कागदावर रेखाटला, त्या एका विद्वान धर्मगुरूंनीही प्रथम आजीबाईंसारखेच उत्तर दिले होते. त्यांची हकिकत आपल्या वाचकांसमोर ठेवावी असे त्या सकाळपासून मनात होते.

निष्कलंक आकाश

ग्रीक तत्त्ववेत्ता ॲरिस्टॉटल याने विश्वाचे दोन भाग मानले होते. चंद्राच्या खालचे जग बदलणारे, झिजणारे, मरणारे. चंद्राच्या वरचे जग अविकारी आणि परिपूर्ण. मध्ययुगातील ख्रिस्ती विद्यापीठांनी ही मांडणी स्वीकारली आणि कालांतराने ती इतकी अंगवळणी पडली की, ती श्रद्धेचाच एक भाग आहे असे अनेकांना वाटू लागले. सूर्य हा त्या वरच्या जगाचा मुकुटमणी. त्याला डाग कसा असेल?

वास्तविक डाग दिसत होते. धुक्यातून, धुळीतून किंवा क्षितिजाशी टेकलेल्या निस्तेज सूर्यबिंबावर मोठा डाग नुसत्या डोळ्यांनीही दिसू शकतो. चीनमधील दरबारी ज्योतिषांनी इसवी सनापूर्वी २८ या वर्षी अशा डागाची नोंद केली आहे. राजाच्या राज्यकारभाराला आकाशातून मिळणारे संकेत म्हणून ते अशा गोष्टी टिपून ठेवीत.

युरोपातही एक नोंद आहे आणि ती एका मठातील आहे. इंग्लंडमधील वुस्टर येथील जॉन नावाच्या बेनेडिक्टीय संन्याशाने आपल्या बखरीत ८ डिसेंबर ११२८ या दिवशी सूर्यावर दोन काळे गोल दिसल्याचे लिहून शेजारी चित्र काढले आहे. एक डाग वर, एक खाली. सूर्यावरील डागांचे आज उपलब्ध असलेले हे सर्वांत जुने चित्र होय. योगायोग असा की, ८ डिसेंबर म्हणजे पवित्र मरियेच्या निष्कलंक गर्भसंभवाचा दिवस. त्या दिवशी एका संन्याशाने सूर्याला कलंक असल्याचे नोंदविले आणि त्यामुळे त्याची श्रद्धा डळमळली नाही. जे दिसले ते त्याने लिहून ठेवले, एवढेच. नंतर पाचच दिवसांनी, १३ डिसेंबर रोजी, कोरियातील राजधानीच्या नोंदकारांनी रात्रीच्या आकाशात तांबडा प्रकाश पाहिल्याचे लिहिले. एकमेकांचे नावही ठाऊक नसलेल्या या दोन लेखण्यांनी एकाच घटनेच्या दोन बाजू टिपल्या होत्या. हे जगाच्या ध्यानात यायला मात्र पुढे कित्येक शतके जावी लागली.

इंगोलश्टाटचा मनोरा

दुर्बिणीचा शोध लागला आणि हा प्रश्न टाळणे अशक्य झाले. डिसेंबर १६१० मध्ये इंग्लंडमध्ये थॉमस हॅरियटने दुर्बिणीतून डाग पाहून ते रेखाटले, पण ते प्रसिद्ध केले नाहीत. उत्तर जर्मनीतील ऑस्टेल गावचे लूथरपंथीय पाळक डेव्हिड फाब्रिसिउस आणि त्यांचा मुलगा योहानेस यांनी १६११ च्या आरंभी डाग पाहिले. योहानेसने त्याच वर्षीच्या जूनमध्ये त्यावर एक पुस्तिका छापली. या विषयावरील ते पहिले मुद्रित पुस्तक, पण फारसे कुणी ते वाचले नाही. इटलीत गॅलिलिओही डाग पाहत होता.

दक्षिण जर्मनीतील इंगोलश्टाट येथे येशूसंघीय धर्मगुरू फादर क्रिस्टोफ शायनर हे गणिताचे प्राध्यापक होते. मार्च १६११ मधील एका धुकट सकाळी ते आपला विद्यार्थी योहान बाप्टिस्ट सिसाट याच्यासह पवित्र क्रुसाच्या चर्चच्या मनोऱ्यावर चढले. दुर्बीण सूर्याकडे रोखली आणि त्यांना काळे डाग दिसले. प्रथम त्यांनी स्वतःच्या डोळ्यांवर संशय घेतला, मग दुर्बिणीच्या भिंगांवर. दुर्बीण फिरवून पाहिली, ती बदलून पाहिली. डाग जागचे हलले नाहीत. येथपर्यंत शायनर यांची पद्धत निर्दोष होती.

अडचण पुढे आली. त्यांच्या वरिष्ठांनी सावधगिरीचा सल्ला दिला. हे निरीक्षण चुकीचे ठरले तर संघाची नाचक्की होईल, तेव्हा स्वतःच्या नावाने काही छापू नये असे ठरले. शायनर यांनी ऑग्सबुर्ग येथील विद्याव्यासंगी गृहस्थ मार्कुस वेल्झर यांना तीन पत्रे लिहिली आणि वेल्झर यांनी ती जानेवारी १६१२ मध्ये टोपणनावाने छापली. ते टोपणनाव होते 'चित्रामागे दडलेला अपेलीस'. अपेलीस हा ग्रीक चित्रकार आपले चित्र लोकांपुढे ठेवून स्वतः त्यामागे लपून बसे व लोक काय म्हणतात ते ऐके, अशी आख्यायिका आहे.

पत्रांत शायनर यांनी डाग आहेत हे ठामपणे सांगितले; परंतु ते सूर्यावर आहेत असे मानणे त्यांना योग्य वाटेना. सूर्य हा तेजाचा गोळा, त्याच्या अंगावर काळिमा कसा? तेव्हा ते म्हणाले की, सूर्याभोवती फिरणारे लहान लहान ग्रह आपल्या व सूर्याच्या मध्ये येतात आणि त्यांची काळी आकृती आपल्याला दिसते. त्यांनी डाग पाहिला, मोजला, रेखाटला आणि मग तो सूर्यावरून उचलून बाजूला ठेवला.

वेल्झर यांनी ही पत्रे गॅलिलिओकडे पाठविली. त्याने १६१२ मध्ये तीन पत्रांनी उत्तर दिले आणि ती १६१३ मध्ये रोम येथे ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. गॅलिलिओचा युक्तिवाद साधा होता. भोपळ्यावर कोळशाने एक गोल टिकली काढा आणि भोपळा हळूहळू फिरवा. टिकली मधोमध असताना गोल दिसेल. कडेला जाताना ती अरुंद होत होत नुसती रेघ उरेल आणि तिची चालही मंद झाल्यासारखी वाटेल. सूर्यावरील डाग अगदी असेच वागतात. शिवाय ते उगवतात, आकार बदलतात, फुटतात, विरून जातात. ग्रह असे करीत नाहीत. म्हणून डाग सूर्याच्या पृष्ठभागावर किंवा त्याला अगदी लागून आहेत आणि सूर्य सुमारे एका महिन्यात स्वतःभोवती फिरतो. येथे एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. दुर्बिणीतून येणारे सूर्याचे बिंब कागदावर पाडून त्यावरच डाग गिरवून घेण्याची सुरक्षित युक्ती गॅलिलिओला त्याचे शिष्य बेनेदेत्तो कास्तेल्ली यांनी सुचविली होती. कास्तेल्ली हे बेनेडिक्टीय संन्यासी होते. तेव्हा एका बाजूला ख्रिस्तसभा आणि दुसऱ्या बाजूला विज्ञान असे जे चित्र आपल्याला शाळेपासून दाखविले जाते, ते या प्रकरणापुरते तरी पुरेसे खरे नाही. दोन्ही बाजूंना झगे घातलेली माणसे होती.

शायनर यांचे दोन चेहरे

सेमिनरीत असताना आम्ही गॅलिलिओचे प्रकरण अभ्यासले होते. शायनर यांचे नाव तेथे आले ते केवळ त्याचे विरोधक म्हणून. पुढे त्यांच्याविषयी अधिक वाचल्यावर माझ्या मनात आदर आणि खेद या दोन्ही भावना एकदमच उभ्या राहिल्या.

आदर अशासाठी की, शायनर यांनी पाहणे थांबविले नाही. ते रोमला आले आणि तेथेही वर्षानुवर्षे डाग रेखाटीत राहिले. १६३० मध्ये त्यांचा 'रोझा उर्सिना' हा सुमारे आठशे पानांचा ग्रंथ पूर्ण झाला. या ग्रंथात त्यांनी आपले पहिले मत सोडून दिले. डाग सूर्यावरच आहेत, सूर्य फिरतो आणि आकाश अविकारी नाही, हे त्यांनी मान्य केले. सूर्याचा अक्ष सुमारे साडेसात अंशांनी कललेला आहे असे त्यांनी मोजून काढले. आजचे मोजमाप सव्वासात अंश आहे. सूर्याच्या मध्यभागाजवळचे डाग लवकर फिरतात आणि त्यापासून दूर असलेले डाग मागे पडतात, हेही त्यांच्या ध्यानात आले होते. वयाच्या पन्नाशीत, इतक्या वर्षांचे छापील मत स्वतःच्या हाताने खोडणे सोपे नसते. स्वतः पन्नाशी ओलांडल्यावर मला हे अधिक कळते.

खेद अशासाठी की, हा माणूस सूर्याला डाग आहे हे मान्य करू शकला, पण 'गॅलिलिओ बरोबर होता' हे वाक्य त्याच्या लेखणीतून उतरू शकले नाही. प्रथम कोणी पाहिले या वादात दोघांची मने विटली होती. गॅलिलिओने १६२३ मध्ये आपल्या ग्रंथात इतरांनी आपले श्रेय चोरल्याची तक्रार केली आणि ती आपल्यावरच आहे असे शायनर यांनी घेतले. 'रोझा उर्सिना'चा पहिला भाग गॅलिलिओवरील हल्ल्यातच खर्ची पडला आहे. १६३३ मध्ये गॅलिलिओवर खटला चालून त्याला शिक्षा झाली, तेव्हा शायनर रोममध्येच होते. त्या खटल्यात त्यांचा नेमका वाटा किती, याविषयी इतिहासकारांत एकमत नाही. पण त्यांच्या मनातील कटुता कुणापासून लपलेली नव्हती. गॅलिलिओही निर्दोष नव्हता. दुसऱ्याचा अपमान करण्यात त्याची लेखणी फार चपळ होती. आणि ज्या मानासाठी दोघे भांडले तो मान त्या दोघांपैकी कुणाचाच नव्हता. हॅरियट, फाब्रिसिउस पितापुत्र, वुस्टरचा संन्यासी, चीनचे ज्योतिषी हे सारे आधीच पाहून गेले होते.

गॅलिलिओच्या न्यायाधीशांकडून चूक झाली होती, हे पोप दुसरे जॉन पॉल यांनी ३१ ऑक्टोबर १९९२ रोजी जाहीरपणे मान्य केले. या कबुलीला साडेतीनशेहून अधिक वर्षे लागली. पण ती दिल्याने ख्रिस्तसभेचे तेज कमी झाले असे मला वाटत नाही. डाग कबूल केल्याने सूर्यही निस्तेज झाला नव्हता.

मोजणारी माणसे

यानंतर आकाशात एक विलक्षण गोष्ट घडली. डाग जवळजवळ नाहीसे झाले. सुमारे १६४५ ते १७१५ या सत्तर वर्षांत पॅरिस येथील वेधशाळेत सूर्यावर नजर ठेवून बसलेल्या खगोलशास्त्रज्ञांना क्वचितच एखादा डाग दिसे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जर्मनीत गुस्टाफ श्पोरर आणि इंग्लंडमध्ये एडवर्ड माँडर यांनी या शांत काळाकडे लक्ष वेधले. १९७६ मध्ये अमेरिकन शास्त्रज्ञ जॉन एडी यांनी जुन्या नोंदी पुन्हा तपासून तो काळ खराच शांत होता हे दाखवून दिले. लोकांनी पाहिलेच नसेल ही शंका दूर करायला आधीच्या आणि त्या काळातील निरीक्षकांच्या वह्या उपयोगी पडल्या. त्यांत शायनर यांची चित्रेही होती.

१८२६ मध्ये जर्मनीतील डेसाऊ गावच्या हाइनरिश श्वाबे या औषधविक्रेत्याने सूर्य पाहायला सुरुवात केली. त्याला बुधाच्याही आतील एखादा ग्रह सापडवायचा होता. तो ग्रह सापडला नाही, कारण तो नव्हताच. पण सतरा वर्षांच्या रोजच्या नोंदींवरून १८४३ च्या सुमारास त्याच्या लक्षात आले की, डागांची संख्या सुमारे दहा वर्षांनी वाढते व ओसरते. पुढे स्वित्झर्लंडमधील रुडॉल्फ वोल्फ यांनी जुन्या वह्या धुंडाळून हे चक्र सरासरी अकरा वर्षांचे असल्याचे ठरविले. रोममध्ये संत इग्नाती चर्चच्या छपरावरील वेधशाळेत येशूसंघीय फादर अँजेलो सेक्की यांनी शायनर यांचाच वारसा पुढे चालविला आणि सूर्याच्या भौतिक अभ्यासाचा पाया घातला.

हे डाग म्हणजे आहे तरी काय? १९०८ मध्ये अमेरिकेत जॉर्ज हेल यांनी त्याचे उत्तर दिले. डागाच्या ठिकाणी अत्यंत प्रबळ चुंबकीय क्षेत्र असते. ते आतून वर येणारी उष्णता अडविते. त्यामुळे सूर्याचा पृष्ठभाग सुमारे साडेपाच हजार अंश सेल्सिअस तप्त असताना डागाचा गाभा हजार-दीड हजार अंशांनी थंड असतो. तो काळा दिसतो तो केवळ भोवतालच्या प्रखर तेजामुळे. तेवढाच तुकडा रात्रीच्या आकाशात वेगळा ठेवता आला असता तर तो झगझगीत दिसला असता.

कुलाब्याची रात्रंदिवस जागणारी सुई

या डागांचा आपल्या पृथ्वीशी काय संबंध, हे ज्या घटनेने जगाला दाखविले तिची एक फार मोलाची साक्ष मुंबईत आहे.

१ सप्टेंबर १८५९ रोजी सकाळी इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन हा गृहस्थ सूर्याचे बिंब पडद्यावर पाडून डागांचे चित्र काढीत होता. अचानक डागांच्या एका समूहात डोळे दिपविणारा पांढरा प्रकाश उसळला आणि पाचेक मिनिटांत मावळला. सुमारे साडेसतरा तासांनी पृथ्वीभर चुंबकीय वादळ उठले. तारायंत्रांतून ठिणग्या उडाल्या. अमेरिकेत बॅटरी काढून ठेवूनही तारा चालत होत्या. एरवी ध्रुवप्रदेशात दिसणारा रंगीत प्रकाश क्यूबापर्यंत दिसला.

त्या वेळी कुलाबा येथील वेधशाळेत चुंबकीय सुईच्या हालचालींची नोंद ठेवण्याचे काम चालू होते. ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ मध्ये ही वेधशाळा उभारली होती. तेथे डोळ्यांनी आकडे वाचून ते हाताने वहीत लिहावे लागत. वादळ आले की नेहमीपेक्षा अधिक वेळा वाचन घ्यावे लागे. त्या दिवशी पृथ्वीच्या चुंबकीय बळात झालेली घट इतकी प्रचंड होती की, इतर कित्येक ठिकाणची उपकरणे मोजपट्टीबाहेर गेली. कुलाब्याच्या वहीत मात्र आकडे उतरले, सुमारे १६०० नॅनोटेस्ला. जवळजवळ दीडशे वर्षांनी, २००३ मध्ये, शास्त्रज्ञांनी ते वादळ किती मोठे होते हे ठरविताना याच वहीचा आधार घेतला.

पुढे मुंबईत विजेवर चालणाऱ्या ट्रामगाड्या येणार असे ठरले. त्यांच्या प्रवाहाने सुई बिघडेल म्हणून तत्कालीन संचालक नानाभॉय मूस यांनी नवी जागा शोधली आणि १९०४ मध्ये अलिबाग येथे चुंबकीय वेधशाळा सुरू झाली. तिच्या इमारतीत लोखंड येणार नाही याची दक्षता घेण्यात आली होती. समुद्रकिनाऱ्यावर फिरायला जाणाऱ्या आपल्यापैकी अनेकांनी तिचे कुंपण पाहिले असेल. आत काय चालते याची चौकशी फार थोड्यांनी केली असेल.

दुष्काळाचा दोष

आता याच इतिहासातील दुसरी, दुःखद बाजू. सतराव्या शतकात विद्वानांनी सूर्याचा डाग सूर्यावरून काढून टाकला होता. एकोणिसाव्या शतकात काही विद्वानांनी माणसांचा डाग सूर्यावर नेऊन ठेवला.

१८७६ ते १८७८ या वर्षांत मद्रास, म्हैसूर आणि मुंबई इलाख्यातील दख्खनचा प्रदेश दुष्काळाने होरपळला. पन्नास लाखांहून अधिक माणसे मेली असे मानले जाते. सरकारी कामांवर राबणाऱ्या मजुराला रोज एक पौंड धान्य आणि एक आणा, इतकी रोजी ठरविण्यात आली. एवढ्यावर राबता येणार नाही म्हणून दख्खनमधील हजारो मजुरांनी कामे सोडली. पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची परिस्थिती गावोगावहून गोळा करून सरकारपुढे मांडली. त्याच काळात हिंदुस्थानातून इंग्लंडला गव्हाची निर्यात चालू होती.

नेमक्या याच वेळी, १८७७ मध्ये, लंडनच्या एका प्रतिष्ठित मासिकात नॉर्मन लॉक्यर हे खगोलशास्त्रज्ञ आणि विल्यम हंटर हे हिंदुस्थान सरकारचे सांख्यिकी अधिकारी यांचा 'सूर्यावरील डाग आणि दुष्काळ' या विषयावर लेख आला. डाग कमी होतात त्या वर्षांत मद्रासेत पाऊस कमी पडतो, असे त्यांचे प्रतिपादन होते. अर्थशास्त्रज्ञ जेव्हन्स यांनी तर इंग्लंडमधील व्यापारी मंदीचा संबंधही डागांशी जोडला. या विद्वानांच्या मनात कपट होते असे मी म्हणणार नाही. दुष्काळाची आगाऊ सूचना मिळावी ही इच्छा चांगलीच होती. पण डोळ्यांसमोर धान्याच्या गोण्या बंदराकडे जात असताना कारण सुमारे नऊ कोटी तीस लाख मैलांवर शोधणे राज्यकर्त्यांना सोयीचे होते, हेही नाकारता येत नाही. सूर्य उलट उत्तर देत नाही आणि त्याच्यावर खटलाही भरता येत नाही.

या विचाराचे उत्तर पुन्हा मोजणाऱ्या माणसांनीच दिले. १९०४ मध्ये हिंदुस्थानच्या हवामान खात्याचे प्रमुख झालेले गिल्बर्ट वॉकर यांनी डाग आणि पाऊस यांचे आकडे गणिताच्या कसोटीवर घासले आणि हा संबंध अगदी क्षीण असल्याचे दाखविले. पावसाचे धागे त्यांना पॅसिफिक महासागरावरील हवेच्या दाबात सापडले. १८७७ च्या सुमारास त्या महासागरात मोठा 'एल निन्यो' होता, हे आज आपल्याला माहीत आहे. पण पाऊस न पडणे ही निसर्गाची गोष्ट. भुकेलेल्याला धान्य न मिळणे ही माणसाची.

त्या आशेतून एक चांगली गोष्ट मात्र उभी राहिली. दुष्काळाचे कोडे सूर्याच्या अभ्यासाने उलगडेल या अपेक्षेने कोडाईकनाल येथे सूर्यवेधशाळा स्थापन झाली आणि १९०१ पासून तेथे काम सुरू झाले. पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयात कावसजी नायगमवाला यांनी चालविलेल्या वेधशाळेची उपकरणेही १९१२ मध्ये तेथेच गेली. दुष्काळाचे भाकीत कोडाईकनालने दिले नाही. परंतु जानेवारी १९०९ मध्ये जॉन एव्हरशेड यांनी तेथे डागांतील वायू मध्यापासून बाहेर वाहतात हा शोध लावला. १९०४ पासून तेथे सूर्याची छायाचित्रे घेतली जात आली. तो संग्रह आज जगभरचे अभ्यासक वापरतात.

आजचा सूर्य आणि आजची सबब

डागांचा परिणाम आपल्या काळात अधिक जाणवू लागला, कारण आपण तारा आणि उपग्रह यांच्यावर अधिक विसंबून राहू लागलो. १३ मार्च १९८९ रोजी सौरवादळामुळे कॅनडातील क्विबेक प्रांताची वीज गेली आणि साठ लाख माणसे सुमारे नऊ तास अंधारात राहिली. आपल्या देशाने २ सप्टेंबर २०२३ रोजी सोडलेले 'आदित्य एल-१' हे यान अशा वादळांवर पाळत ठेवण्यासाठीच जानेवारी २०२४ मध्ये आपल्या नेमलेल्या ठिकाणी पोहोचले. इंगोलश्टाटच्या मनोऱ्यावर आता जणू आपलाही पहारेकरी उभा आहे.

पण जुनी सबबही परत आली आहे. उन्हाळे असह्य होत आहेत, पाऊस लहरी झाला आहे, खारे पाणी शेतात शिरते आहे आणि लोक म्हणतात, 'फादर, सूर्यच तापलाय, आपण काय करणार?' सतराव्या शतकातील युरोपच्या थंडीला डागांचा अभाव थोडाफार कारणीभूत असेल. पण ती थंडी आधीच सुरू झाली होती आणि ज्वालामुखींच्या राखेचाही तिच्यात वाटा होता. अकरा वर्षांच्या चक्रात सूर्याचे तेज बदलते ते हजारात एक भाग. गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत डागांचे चक्र एकंदरीत मंदावले, तरी पृथ्वीचे तापमान चढतच गेले. हा धूर आपला आहे. तो सूर्याच्या माथी मारणे म्हणजे १८७७ चा लेख पुन्हा लिहिणे होय.

दुसऱ्याच्या डोळ्यातील कुसळ दिसते आणि आपल्या डोळ्यातील मुसळ दिसत नाही, असे आपण म्हणतो. सूर्याच्या बाबतीत माणसाने दोन्ही चुका केल्या. एकदा त्याचा डाग नाकारला, एकदा आपला डाग त्याला लावला. दोन्ही वेळा आपल्याला सावरले ते रोज उठून, दिसेल तेवढेच लिहून ठेवणाऱ्यांनी. आत्मपरीक्षण याहून फार वेगळे असते असे मला वाटत नाही.

त्या सकाळी मी त्या मुलाला एक कोरी वही दिली आणि रोज एक वर्तुळ काढून डाग दिसेल तेथे टिंब द्यायला सांगितले. चष्म्याशिवाय वर पाहायचे नाही, अशी अट घातली. तिसऱ्या दिवशी तो वही घेऊन आला, सोबत आजीही होती. टिंब पहिल्या दिवसापेक्षा कडेकडे सरकले होते. आजीबाईंनी वही पाहिली, मग चष्मा मागून घेतला, आणि डोळ्यांना लावून बराच वेळ वर पाहत उभ्या राहिल्या. "आहे खरा," त्या म्हणाल्या आणि चष्मा नातवाच्या हातात परत दिला.